रामशास्त्री प्रभुणे : न्याय देणारे आणि हिशेबही देणारे

स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा त्यांना बहुधा बँकेतल्या आठवणी हव्या असाव्यात. पण मी लिहिणार आहे ते जाऊन २३५ वर्षं झालेल्या एका माणसाबद्दल. कारण सोपं आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीच्या सभांमध्ये बाहेरच्या कोणा माणसाचं नाव सगळ्यात जास्त वेळा निघालं असेल तर ते रामशास्त्री प्रभुण्यांचं! पार्किंगचा वाद असो की वरच्या मजल्यावरून खाली झिरपणारं पाणी असो, कोणी मध्यस्थी करायला उभा राहिला की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, की आला मोठा रामशास्त्री. आणि एखाद्याने खरंच निःपक्षपाती निर्णय दिला, तर तीच मंडळी त्याच्या रामशास्त्री बाण्याचं कौतुक करतात. एकच नाव टोमण्यालाही चालतं आणि शाबासकीलाही. असं भाग्य फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतं.

हा विषय मनात घोळायला लागला तो मात्र २०१८ च्या उन्हाळ्यापासून. तो उन्हाळा आपण कोणीच विसरणार नाही. निळोणा आटला, चापडोह आटला, आणि अख्खं यवतमाळ टँकरच्या मागे धावत होतं. त्या वर्षी मी सोसायटीचा खजिनदार होतो. टँकरवाले रोख मागायचे, रात्री-बेरात्री यायचे, चिठ्ठी कधी द्यायचे, कधी नाही. पुढच्या वार्षिक सभेत आपल्यातल्याच एका तरुण सभासदाने उठून अगदी शांतपणे टँकरच्या पावत्या पाहायला मागितल्या. माझं डोकं फिरलं. चौतीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे सांभाळले, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, आणि आता मला पावत्या मागता काय, असं बरंच काही मी बोललो. राजीनामा देतो म्हणूनही सांगून टाकलं. सभा गप्प झाली. तो मुलगाही खाली बसला.

त्या रात्री झोप लागेना. उठून वही काढली आणि चिठ्ठ्या जुळवत बसलो. पहाटेपर्यंत लक्षात आलं की दोन टँकरचे पैसे दोनदा दिले गेले होते. चोरी नव्हती, पण चूक होती आणि ती माझी होती. दुसऱ्या दिवशी ती रक्कम भरली आणि त्या मुलाच्या घरी जाऊन सांगून आलो. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. माझ्या प्रामाणिकपणाचा मला इतका अभिमान होता की हिशेब दाखवणं हा मला अपमान वाटला. त्यानंतर मी रामशास्त्र्यांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. लहानपणी वाचलं होतं तेव्हा त्यांचा ताठपणा दिसला होता. आता त्याच्या जोडीला दुसरंही काही दिसलं.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात तिथे रामशास्त्र्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. पोरगा पोरका, शिक्षणाकडे लक्ष नाही, वयाची विशी आली तरी धड अक्षरओळख नाही. पोटासाठी साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे पाणी भरणं, वरकाम करणं अशी चाकरी पत्करली. एक दिवस सावकारांच्या पायावर पाणी घालताना त्यांच्या कानातल्या मोत्याच्या भिकबाळीकडे त्याची नजर गेली आणि तिथेच खिळली. पाणी भलतीकडे सांडू लागलं. सावकारांनी टोमणा मारला, की असली भिकबाळी विद्वानांच्या कानात शोभते, पाणक्याने तिच्याकडे बघत राहून काय उपयोग. ते शब्द वर्मी लागले. रामने चाकरी सोडली आणि तडक काशीची वाट धरली. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्यापैकी अनेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली असेल.

काशीला बाळंभट्ट पायगुंड्यांसारख्या नामांकित पंडितांच्या हाताखाली त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. विशीतला माणूस लहान मुलांच्या पंक्तीला बसून शिकला, याचं मला फार अप्रूप वाटतं. धर्मशास्त्र म्हणजे नुसती पूजाअर्चा नव्हे. वारसा, दत्तक, वाटणी, कर्ज, गहाण, साक्षीपुरावा हे सगळं त्यात येई. आजच्या भाषेत दिवाणी आणि फौजदारी कायदाच म्हणा ना. परत आल्यावर १७५१ साली ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुण्याला शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ साली बाळकृष्णशास्त्री गाडगीळ वारल्यावर मुख्य न्यायाधीश झाले.

त्या काळचं न्यायाचं काम कसं चाले, ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. गावातला तंटा आधी पाटील-कुलकर्णी आणि गोतपंचायतीपुढे जाई. तिथे समाधान झालं नाही तर मामलेदाराकडे, आणि तिथूनही पुढे पुण्याच्या न्यायाधीशांपर्यंत. दोन्ही पक्षांकडून निकाल मान्य करू असं आधीच लिहून घेत. त्या कागदाला राजीनामा म्हणत, म्हणजे राजी असल्याचा लेख. आज आपण तोच शब्द पद सोडायला वापरतो. दोघांकडून जामीन घेत, दोघांचं म्हणणं लेखी घेत, साक्षी तपासत, आणि शेवटी कारणांसहित निवाडपत्र तयार होई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. निवाडा न्यायाधीशाचा असला तरी अंमल सरकारचा. शिपाई सरकारचे, तुरुंग सरकारचा, शिक्काही सरकारचा. न्यायाधीशाच्या हातात फक्त लेखणी आणि लोकांचा विश्वास. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच ठिकाणी गाडी अडली.

पानिपतानंतर १७६१ साली थोरले माधवराव अवघ्या सोळा वर्षांचे असताना पेशवे झाले. त्यांचा आणि रामशास्त्र्यांचा संबंध मोठा हृद्य होता. तरुण पेशव्याला एका काळात जपजाप्याची फार ओढ लागली. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी वाड्यावर आले, तर पेशवे ध्यानाला बसलेले. बराच वेळ थांबून ते परत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते काशीला जाण्याची परवानगी मागायलाच. माधवरावांनी दिलगिरी दाखवली, पण ब्राह्मणाने जप करणं योग्यच ना, असंही विचारलं. शास्त्रीबुवांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, की ब्राह्मणाचा धर्म पाळायचा असेल तर गादी सोडा, आपण दोघंही गंगेकाठी जाऊन बसू. पण राज्य करायचं असेल तर रयतेचं गाऱ्हाणं ऐकणं हीच तुमची संध्या. माधवरावांनी ते ऐकलं आणि आपला दिनक्रम बदलला. मालकाला असं सांगणारा नोकर दुर्मिळ, आणि ते ऐकून घेणारा मालक त्याहून दुर्मिळ. मी नोकरीत असताना दोन्ही शोधले. पहिले दोन-चार भेटले.

हा झाला त्यांचा परखडपणा. पण परखड माणसं पुष्कळ असतात हो. दुसऱ्याला सुनावणारा माणूस स्वतःला कोणत्या मापाने मोजतो, ते पाहावं लागतं. रामशास्त्र्यांच्या दोन गोष्टी इथे सांगण्यासारख्या आहेत. त्या आख्यायिका म्हणून आल्या आहेत, पण ज्या माणसाबद्दल लोक अशा आख्यायिका रचतात तो माणूस कसा असेल, हे त्यातून कळतं.

शास्त्रीबुवांच्या पत्नी एकदा पेशव्यांच्या वाड्यात हळदीकुंकवाला गेल्या. मुख्य न्यायाधीशांची पत्नी आणि अंगावर फुटका मणी नाही, हे पाहून पेशवीणबाईंना वाईट वाटलं. त्यांनी त्यांना भरजरी लुगडं नेसवलं, दागिन्यांनी मढवलं आणि पालखीतून घरी पाठवलं. पालखी दारात थांबली. शास्त्रीबुवांनी दारातूनच भोयांना सांगितलं, की तुम्ही घर चुकलात. या कोणी मोठ्या घरच्या बाई दिसतात, आमच्या घरात असे दागिने घालणारं कोणी नाही. बाई समजायचं ते समजल्या. परत जाऊन सगळं उतरवून ठेवलं आणि आपल्या साध्या लुगड्यात पायी घरी आल्या. आजच्या बायकांना ही गोष्ट फारशी आवडत नाही. माझ्या घरीही आवडत नाही. सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की तत्त्व नवऱ्याचं आणि पायपीट बायकोची! त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण शास्त्रीबुवांची अडचणही समजून घ्या. ज्या वाड्यातल्या माणसांविरुद्ध उद्या निवाडा द्यायची वेळ येऊ शकते, त्या वाड्यातला दागिना घरात ठेवून लेखणी सरळ चालेल का?

दुसरी गोष्ट श्रावणातल्या दक्षिणेची. पेशवे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. हजारो माणसं लांबून येत. ज्याची जेवढी विद्वत्ता, तेवढी त्याची दक्षिणा. त्या रांगेत एका वर्षी शास्त्रीबुवांचे थोरले भाऊ उभे राहिले. नाना फडणवीस शेजारीच होते. शास्त्र्यांचा भाऊ म्हणून वीस रुपये द्यावेत असं त्यांनी सुचवलं. शास्त्रीबुवा म्हणाले, की यांची विद्या बेताची आहे, इतरांना देता तेच दोन रुपये द्या. माझा भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरातून देईन.

ही गोष्ट वाचली की मला तालुक्याच्या गावची माझी शाखा आठवते. मी तिथे शाखाधिकारी असताना माझ्या सख्ख्या मेहुण्याने कर्जाचा अर्ज केला. कागद चोख होते, जमीन होती, तारण होतं. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर त्याच दिवशी मंजूर केला असता. पण नातेवाइकाचं कर्ज स्वतः मंजूर करायचं नाही, असा नियम होता. मी तो अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवला. तिथे दोन महिने लागले आणि तोवर पेरणी होऊन गेली. सासुरवाडीला पुढची दोन वर्षं माझ्या ताटात वरण पातळच यायचं. तेव्हा तो नियम मला जाचक वाटला होता. आज वाटतं, त्या नियमाने माझीच राखण केली. मी खरा होतो की खोटा, हा प्रश्नच त्याने कोणाला विचारू दिला नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्याच्यासाठी रामशास्त्री अजरामर झाले. माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. वय कोवळं, स्वभाव उतावळा, आणि घरातच काका रघुनाथराव नजरकैदेत. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. पगार थकल्याचं निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या महालात गेले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्यांची हत्या झाली. धरावे या शब्दातल्या ध चा मा कोणी केला, त्याची कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. तो कागद आज कोणी दाखवू शकत नाही, पण कटाचा माग राघोबादादांपर्यंत जात होता, यात शंका नव्हती.

पुण्यातल्या बड्या धेंडांनी तोंडं मिटली होती. राघोबादादा गादीवर बसले होते. पराक्रमी माणूस, अटकेपर्यंत झेंडे नेलेला. वस्त्रं त्यांच्या अंगावर, फौज त्यांच्या हाती. अशा वेळी मुख्य न्यायाधीशाने आपलं काम सुरू केलं. कोणी फिर्याद दिली नव्हती आणि कोणी आज्ञाही केली नव्हती. काही आठवडे शांतपणे चौकशी करून त्यांनी माणसं तपासली, धागे जुळवले. सुमारे पन्नास जणांचा या ना त्या प्रकारे संबंध असल्याचं निष्पन्न झालं. मग ते थेट दादासाहेबांसमोर उभे राहिले आणि पुतण्याच्या खुनाचा दोष त्यांच्यावर ठेवला. दादांनी प्रायश्चित्त विचारलं. त्यांना बहुधा दानधर्म, तीर्थयात्रा असं काही अपेक्षित असावं. शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. शिवाय असा माणूस गादीवर आहे तोवर या राज्यात चाकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, असं बजावून ते निघाले. वाईजवळच्या पांडववाडी या लहानशा गावी जाऊन राहिले.

आपण मुलांना इथपर्यंतची गोष्ट सांगतो. १९४४ साली प्रभातने काढलेल्या चित्रपटात गजानन जागीरदारांनी शास्त्रीबुवा उभे केले. माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांत त्या प्रसंगाने पाणी यायचं. पण मी पडलो बँकेतला माणूस. कर्ज मंजूर झालं म्हणून फाईल बंद होत नाही, वसुली झाली का ते आम्ही पाहतो. म्हणून विचारतो, त्या निवाड्याची वसुली किती झाली?

सांगतो. राघोबादादा निवाड्यानंतरही पेशवेच राहिले. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी एकत्र येऊन कारस्थान केलं, १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, तेव्हा कुठे दादांचं आसन डळमळलं. मग ते इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह केला, आणि एका घरातल्या खुनापायी सात वर्षं लढाई चालली. १७८२ साली सालबाईचा तह झाला. दादांना नेमणूक मिळाली, कोपरगावला मुक्काम मिळाला, आणि तिथेच ते अंथरुणावर वारले. काही मारेकऱ्यांना पकडून शिक्षा झाल्या. मुख्य आरोपीला झाली नाही.

मग शास्त्रीबुवा हरले का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या निवाड्याने राघोबादादांच्या गादीखालचा नैतिक आधार कायमचा काढून घेतला, आणि बारभाईंच्या बाजूने उभं राहायला लोकांना बळ मिळालं. पण एक उणीव राहिली आणि ती त्यांच्यात नव्हती, व्यवस्थेत होती. त्या राज्यात न्यायाधीशाला संरक्षण देणारा एकही नियम नव्हता. त्याच्याकडे एकच हत्यार होतं, चाकरी सोडून निघून जाणं. ते वापरल्यावर न्यायासन मात्र ज्याच्याविरुद्ध निवाडा दिला त्याच्याच हाती राहिलं.

याची उलट बाजूही पाहा. समजा शास्त्रीबुवांच्या जागी एखादा लोभी किंवा भित्रा माणूस असता, दागिने घरात ठेवून घेणारा, भावाला वीस रुपये देणारा, दादांना तीर्थयात्रा सांगून मोकळा करणारा. त्याला विचारणारं कोण होतं? पेशवा सोडून कोणीच नाही, आणि पेशवा तर त्याच्यावर खूशच असता. म्हणजे चांगला न्यायाधीश असहाय आणि वाईट न्यायाधीश मोकाट, अशी ती रचना होती. सगळी मदार एका माणसाच्या चारित्र्यावर.

बारभाईंनी त्यांना पुढे सन्मानाने परत बोलावलं आणि ते अखेरपर्यंत न्यायाचं काम करत राहिले. ऑक्टोबर १७८९ मध्ये त्यांचं निधन झालं. घरात एका दिवसापुरतंच धान्य ठेवायचे असं सांगतात, त्यामुळे मागे काय राहिलं असेल याचा अंदाज करा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यालाही त्यांच्याबद्दल आदराने लिहावं लागलं. त्यांच्यामागे दोनच वर्षांनी, १७९१ साली, त्याच पुण्यात घाशीराम कोतवालाचं प्रकरण झालं. कोंडून ठेवलेली निरपराध माणसं गुदमरून मेली, आणि संतापलेल्या जमावाने कोतवालाला ठेचून मारलं. अधिकाऱ्याला वेळच्या वेळी विचारणारं कोणी नसलं की शेवटी जमाव विचारतो, आणि जमावाला हिशेब तपासता येत नाही, दगड तेवढे मारता येतात.

आता आपल्या काळाकडे येऊ. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी न्यायाधीशाला पांडववाडीला जावं लागू नये याची पुष्कळ काळजी घेतली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार नेमणुकीनंतर कमी करता येत नाही. त्यांच्या वागणुकीवर विधिमंडळात चर्चा करता येत नाही, अपवाद फक्त संसदेतल्या पदच्युतीच्या ठरावाचा. पदावरून काढायचं तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचं बहुमत व शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. चौकशीसाठी १९६८ चा कायदा आहे. राघोबादादा आज असते तर त्यांना न्यायाधीश सहजी हलवता आला नसता.

पण संरक्षणाची भिंत इतकी उंच, की हिशेब विचारणाराही बाहेरच राहतो, असं कधी कधी होतं. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरचा ठराव १९९३ साली लोकसभेत आला. चौकशी समितीने दोष दिला होता. मतदानात १९६ जण ठरावाच्या बाजूने, विरोधात एकही नाही, पण २०५ जण तटस्थ राहिले आणि ठराव पडला. २०११ साली न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने ठराव मंजूर केला, पण लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. या वाटेने शेवटपर्यंत जाऊन आजवर एकही न्यायाधीश पदावरून दूर झालेला नाही. आपल्या यवतमाळच्या जिल्हा न्यायालयासारख्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर उच्च न्यायालयाची देखरेख असते, तपासणी होते, कारवाईही होते. प्रश्न आहे तो वरच्या पायऱ्यांचा. तपासणाऱ्याला कोणी तपासायचं?

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच यावर काही पावलं टाकली. १९९७ साली न्यायाधीशांसाठी आचरणाची तत्त्वं ठरवली. जवळचे नातलग आणि मित्र सोडून कोणाची भेटवस्तू घ्यायची नाही. घरातला वकील आपल्यासमोर उभा राहता कामा नये. शेअरमध्ये सट्टा करायचा नाही. यादी वाचताना मला तर दारातली पालखी आणि दक्षिणेच्या रांगेतले थोरले बंधूच दिसले! पुढे डिसेंबर १९९९ मध्ये तक्रारींची न्यायालयाअंतर्गत चौकशी करण्याची पद्धत स्वीकारली गेली. आपल्या सोसायटीची नोंदणीही त्याच वर्षीची. म्हणजे ती पद्धत आणि आपली इमारत एकाच वयाच्या. आपल्या इमारतीला मध्यंतरी दुरुस्ती लागली, त्या पद्धतीलाही लागेल. कारण त्या चौकशीत काय निघालं ते आपल्यासारख्या माणसाला बहुतेक कळत नाही. २०१९ साली मात्र सरन्यायाधीशांचं कार्यालय माहितीच्या अधिकाराखाली येतं असा निकाल खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच दिला. स्वतःच्या घराची खिडकी स्वतः उघडली, हे मान्य करायला हवं.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, न्यायाधीशांना कोणी काही विचारूच नका, नाहीतर सरकार त्यांच्या मानगुटीवर बसेल. दुसरं म्हणतं, सरकारलाच सगळे अधिकार द्या. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण बँकेच्या ऑडिटमध्ये आहे. ऑडिटर शाखेत यायचा तेव्हा कर्ज कोणाला द्यायचं हे तो मला सांगू शकत नव्हता. तो अधिकार माझा होता. एकदा एका वरिष्ठाने फोनवरून एका बड्या माणसाचं कर्ज करायला सांगितलं. मी लेखी मागितलं. लेखी कधी आलं नाही आणि कर्जही झालं नाही. तो अधिकार मला सांभाळता आला, कारण कागद माझ्या बाजूने बोलत होते. पण निर्णयाची कारणं फाईलमध्ये आहेत का, नियम पाळला का, त्यात माझा स्वतःचा फायदा होता का, हे विचारण्याचा ऑडिटरला पूर्ण हक्क होता. निर्णय चुकला तर वरचं कार्यालय होतं. नियत चुकली तर चौकशी होती. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशाची चौकशी लावली, तर तो पुढचा निकाल सरकारच्या तोंडाकडे बघून देईल. त्यासाठी अपील आहे. पण नियतीबद्दलच्या गंभीर तक्रारीची तपासणी व्हायलाच हवी. ती करणारा माणूस सरकारच्या मुठीतला नसावा आणि न्यायाधीशांच्याच पंगतीतलाही नसावा, आणि तपासात काय निघालं ते लोकांना कळावं.

रामशास्त्र्यांना असं विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून ते स्वतःच स्वतःचे ऑडिटर झाले. पालखी परत पाठवली, भावाला दोनच रुपये दिले. पण दर पिढीत असा माणूस मिळेल या भरवशावर राज्य चालत नाही. सोसायटीही चालत नाही. प्रामाणिक माणसाला नियमाचं ओझं होत नाही, उलट त्याच्यावर शिंतोडा उडाला तर तोच नियम त्याची साक्ष देतो. हे मला कळायला दोन टँकरच्या पावत्या लागल्या.

त्या वर्षीपासून सोसायटीच्या कार्यालयात खर्चाच्या पावत्यांची फाईल टेबलावर उघडी असते. कोणीही यावं, बघावं. पहिले दोन महिने बरेच जण आले, आता फारसं कोणी येत नाही. तरीही फाईल तिथेच असते आणि तिथेच असावी. तो पावत्या मागणारा तरुण सभासद आज आपला खजिनदार आहे. मागच्या महिन्यात मीच त्याच्याकडे लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल पाहायला मागितलं. त्याने हसत फाईल पुढे सरकवली, आणि मी चष्मा लावून प्रत्येक आकडा तपासला!

तेव्हा यापुढे सभेत कोणी तुम्हाला रामशास्त्री म्हणून चिडवलं तर रागावू नका. फक्त आपली फाईल टेबलावर आहे ना, तेवढं पाहा. सर्व रहिवासी कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाचा लेख तुमच्या मुलांपैकी कोणीतरी लिहील, आणि तेव्हा पाण्याचा टँकर म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागो, एवढीच निळोण्याकडे प्रार्थना.